गाण्यातही भांडणारे नायक-नायिका : कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’ला चाली दिल्या तेव्हा काय घडलं?

चंदगड तालुक्यातलं कोवाड हे गाव बहुतेकांना एका माणसामुळे माहीत आहे. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’ आणि ‘राधेय’ लिहिणारे रणजित देसाई इथले. पण कादंबऱ्यांच्या गर्दीत देसाईंची एक गोष्ट मागे पडते. त्यांनी संगीत नाटकही लिहिलं होतं. साठच्या दशकाच्या शेवटाला आलेलं ‘हे बंध रेशमाचे’. नाटकाची गोष्ट आज फारशी कुणाला आठवत नसेल, पण त्यातलं ‘काटा रुते कुणाला’ हे पद कधीच कानावर पडलं नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल.

या पदाच्या खाली लिहिलेली नावं बघा. नाटक रणजित देसाईंचं, शब्द शांता शेळके यांचे आणि चाल पंडित जितेंद्र अभिषेकी यांची. तीन कामं आणि तीन माणसं. आज यात कुणाला काही विशेष वाटणार नाही. सिनेमाच्या पोस्टरवर आपण रोज अशीच वेगवेगळी नावं वाचतो.

मराठी संगीत नाटक सुरू झालं तेव्हा मात्र असं नव्हतं. १८८० साली ‘शाकुंतल’ आणि पुढे ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर नाटक लिहायचे, पदं लिहायचे आणि त्यांच्या चालीही तेच ठरवायचे. अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. चंदगड तालुकाही १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. त्यामुळे त्या जुन्या हिशोबाने किर्लोस्कर आणि देसाई एकाच जिल्ह्यातले म्हणायचे. त्यांच्यानंतर ‘शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांनीही तोच रिवाज पाळला. नाटककार हाच संगीतकार.

ही गाठ सुटली १९११ साली, ‘संगीत मानापमान’मध्ये. नाटक आणि पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, पण चाली देणारा माणूस वेगळा. करवीर तालुक्यातल्या सांगवड्यात जन्मलेले गोविंदराव टेंबे. मराठी रंगभूमीवरचे पहिले स्वतंत्र संगीत दिग्दर्शक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. तेव्हा ते तिशीचेही नव्हते.

नुसतं एक नाव वाढलं असतं तर त्याचं एवढं कौतुक झालं नसतं. नाटकाचं संगीत एका वेगळ्या माणसाच्या हाती गेल्यावर त्याने पन्नासच्या आसपास पदांचा एकत्र विचार केला. कुणी काय गायचं आणि कुणी कसं गायचं, याचा.

गोष्ट थोडक्यात अशी. धैर्यधर हा शूर सेनापती, पण खिशाने रिकामा. भामिनी ही श्रीमंत घरातली मुलगी. तिचं लग्न धैर्यधराशी ठरतंय हे कळल्यावर ती त्याला गरिबीवरून हिणवते आणि नाकारते. दुसरीकडे लक्ष्मीधर नावाचा एक पैसेवाला, भित्रा आणि बढाईखोर माणूस तिच्यावर डोळा ठेवून आहे. पुढे भामिनी ‘वनमाला’ या नावाने गरीब मुलीचा वेष घेते, धैर्यधराला जवळून बघते आणि त्याच्या प्रेमात पडते. आधी अपमान आणि मग मान.

वरवर ही प्रेमकथा आहे. पण लिहिणारा माणूस टिळकांचा सहकारी आणि ‘केसरी’तला लेखक. त्याच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, कारण लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. त्यानंतर वर्षभरात खाडिलकर पैशाला लाथ मारणारा सैनिक नायक म्हणून उभा करतात, हे नाट्यगृहात बसलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

टेंब्यांपुढचा प्रश्न निराळा होता. नायक रणांगणातला आणि नायिका दिवाणखान्यातली. दोघं नाटकभर एकमेकांशी झगडतात. मग दोघांनी एकाच पद्धतीने कसं गायचं?

पाश्चात्त्य संगीतात असा विरोध मांडायची जुनी सोय आहे. सिम्फनीचे साधारण चार भाग असतात. एक जोरकस, एक संथ, एक नाचरा, शेवटचा बहुधा वेगवान. भाग बदलला की मन:स्थिती बदलते. आपल्याकडे ख्यालगायनात बडा ख्याल संथ आणि छोटा ख्याल जलद असतो, पण दोन्ही बहुतेक वेळा एकाच रागात. लय बदलते, घर तेच राहतं. साडेचार-पाच तासांच्या नाटकात एवढ्यावर भागत नाही. तिथे प्रत्येक पात्राला स्वतःचा आवाज लागतो.

त्या काळी पदाला चाल लावायची म्हणजे काय करायचे, हे आधी समजून घ्यायला हवं. कोरी चाल बांधण्यापेक्षा आधीच लोकप्रिय असलेली एखादी बंदिश, ठुमरी, लावणी किंवा कीर्तनातली चाल निवडायची आणि तिच्या मापात मराठी शब्द बसवायचे. म्हणून जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रतीत प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि मूळ चाल यांची नोंद असते. किर्लोस्करांच्या नाटकांत साक्या, दिंड्या, कामदा असे प्रकार भरपूर होते. कानडी मुलखातल्या चालीही होत्या. ऐकणाऱ्याला ते ओळखीचं वाटायचं. कीर्तनाला बसणारा माणूस नाटकातही रमायचा.

टेंबे या परंपरेतच वाढले, पण त्यांच्या कानावर आणखी बरंच काही पडलेलं होतं. शाहू महाराजांच्या काळातल्या कोल्हापूरला उत्तरेकडून मोठमोठे गवई येत होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ तर दरबारात नोकरीलाच होते. टेंबे हार्मोनियम वाजवायला स्वतःच शिकले. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची साथ केली, अल्लादिया खाँसाहेबांकडून घेतलं. हार्मोनियमवाल्याला एक फायदा असतो. गवई पुढे गात असतो आणि त्याच्या गळ्यातली प्रत्येक हरकत याला बोटांतून काढावी लागते. वेगवेगळ्या गायक्या अशा त्याच्या हातात बसत जातात.

‘मानापमान’साठी टेंब्यांनी पूरबकडचा पेटारा उघडला. बनारस-लखनौच्या बाजूची ठुमरी, दादरा, होरी, कजरी. ही गायकी मराठी रंगभूमीला एवढ्या प्रमाणात नवीन होती. ठुमरीत एकच शब्द दहा तऱ्हांनी म्हणता येतो. कधी रुसून, कधी चिडवून, कधी विनवून. भामिनीला नेमकं हेच हवं होतं. ‘नाही मी बोलत’ हे पद घ्या. बोलणार नाही असं गाऊन सांगणं हीच मुळात गंमत आहे, आणि ती गंमत शब्दांपेक्षा सुरांच्या वळणात जास्त आहे. ‘खरा तो प्रेमा’ची पहाडी-मांडच्या अंगाची चाल ऐकली की हीच भामिनी किती बदलली आहे ते कळतं. आधीचा नखरा गळून पडलेला असतो.

धैर्यधराच्या वाट्याला आलेली पदं दुसऱ्याच मातीची. तिथे सूर घसरत-लहरत येत नाही, थेट येऊन उभा राहतो. ‘माता दिसली समरीं’ किंवा ‘शूरा मी वंदिले’ ही पदं आठवा. आवाज वरच्या पट्टीत फेकायचा, तान सरळ आणि दाणेदार घ्यायची. ज्याच्या छातीत दम नाही त्याने या पदांच्या वाटेला जाऊ नये. गणेशोत्सवातल्या गाण्याच्या स्पर्धेत एखादा उत्साही पोरगा ही पदं निवडतो आणि अंतऱ्यात अडकतो, ते म्हणूनच.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एक योगायोग घडला. २६ जानेवारी १९११ रोजी जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये रिचर्ड श्ट्राउसचा ‘डेर रोझेनकावालियर’ हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. त्यातही एका मुलीवर हक्क सांगणारा एक गावंढळ, पैशाचा लोभी सरदार आहे आणि तिच्या प्रेमात पडलेला एक तरुण आहे. त्या तरुणाची भूमिका बाईने गायची असते. दीड महिन्याने मुंबईत ‘मानापमान’चा पडदा उघडला तेव्हा भामिनी झाला होता एक पुरुष. दोन्ही प्रयोगांना एकमेकांचा पत्ता नव्हता. फरक एवढाच की श्ट्राउसने प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर कागदावर लिहून ठेवला होता. टेंब्यांची चाल म्हणजे एक आराखडा. तो भरायचं काम नटाच्या गळ्यावर सोपवलेलं.

पहिला प्रयोग १२ मार्च १९११ ला मुंबईत, किर्लोस्कर नाटक मंडळीचा. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर आणि लक्ष्मीधर गणपतराव बोडस. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व तेव्हा अवघ्या बावीस वर्षांचे होते. किर्लोस्कर मंडळीपर्यंत ते पोचले त्यातही कोल्हापूरचा हात होता. कानाचा त्रास असलेल्या या मुलावर मिरजेच्या दवाखान्यात उपचार व्हावेत याची व्यवस्था शाहू महाराजांनी केली होती.

त्या दिवसाची एक आठवण मराठी रंगभूमीवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा असं मंडळींचं म्हणणं पडलं. बालगंधर्वांनी नकार दिला आणि संध्याकाळी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही आठवण बहुतेक वेळा कलेवरच्या निष्ठेची गोष्ट म्हणून सांगतात. पण त्या रात्री त्यांना गायचं काय होतं ते लक्षात घेतलं तर ती जास्त जड होते. भामिनीची सुरुवातीची पदं थट्टेची, लाडिक आणि नखऱ्याची आहेत. घरात मूल गेलेलं आणि ओठावर ठुमरीची खोड.

नाटक चाललं, आणि जोरात चाललं. पण त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर वारले. पुढे धैर्यधराची भूमिका खुद्द गोविंदराव टेंब्यांनी केली. ज्याने चाली बांधल्या तोच त्या गायला उभा राहिला, असं भाग्य संगीतकाराला क्वचितच मिळतं. १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. टेंबे तिथेही फार दिवस थांबले नाहीत. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी संगीत दिलं आणि नाट्यसंगीत ठुमरीकडून ख्यालाकडे वळलं. तो स्वतंत्र विषय आहे.

चाल म्हणजे आराखडा, असं वर म्हटलं. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे धैर्यधराचं ‘प्रेम सेवा शरण’ हे पद. मूळ चाल भीमपलासातली. पुढे बळवंत संगीत मंडळीत मास्टर दीनानाथ मंगेशकर धैर्यधर करू लागले तेव्हा त्यांनी हे पद मुलतानीत गायलं. रागदारी येत नसेल तरी यातली मेख समजते. भीमपलास आणि मुलतानी या दोन्ही रागांत वर चढताना रिषभ आणि धैवत गाळतात. म्हणजे चढायची पायरी दोन्हीकडे सारखीच : नी, सा, ग, म, प, नी, सा. पण भीमपलासात मध्यम शुद्ध असतो आणि निषाद कोमल. मुलतानीत मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध. उतरताना तर रिषभ आणि धैवतही कोमल होतात. शिडी तीच, पण दोन-चार पायऱ्या थोड्या सरकवलेल्या. तेवढ्याने भीमपलासातली विनवणी मुलतानीत अस्वस्थ आणि टोकदार होते. शब्द तेच, पात्र तेच, माणूस मात्र बदलल्यासारखा वाटतो.

श्ट्राउसच्या ऑपेरात एखाद्या गायकाने असं केलं असतं तर त्याला घरी पाठवलं असतं. इथे लोकांनी वन्स मोअर दिला.

आता येऊ त्या रात्रीकडे, जिच्याबद्दल जुने नाट्यवेडे अजूनही बोलतात.

१९२० च्या आसपास मराठी रंगभूमीवर दोन नावांवरून लोक हमरीतुमरीवर यायचे. एक बालगंधर्व आणि दुसरे कोल्हापूरचे केशवराव भोसले. केशवराव बालगंधर्वांपेक्षा दोन वर्षांनी लहान. अगदी लहान वयात ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले. १९०८ साली, अठराही पूर्ण नसताना, हुबळीत त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली. बालगंधर्वांचं गाणं म्हणजे रेशमी धागा, न ओढता लांबत जाणारा. केशवरावांचा आवाज धारदार, उंच पट्टीतला आणि चपळ. ज्याला एक आवडे त्याला दुसरा आवडत नसे. आज सोशल मीडियावर दोन नटांचे चाहते एकमेकांवर तुटून पडतात, तसंच काहीसं. फक्त तेव्हा हे वाद चहाच्या दुकानात आणि वर्तमानपत्रांतून चालायचे.

१ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. त्यांच्या नावाने स्वराज्य फंड सुरू झाला आणि गांधीजींनी एक कोटी रुपये जमवायचं आवाहन केलं. या फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून एक प्रयोग करावा असं ठरलं. नाटक निवडलं ‘मानापमान’. टिळकांच्या फंडासाठी टिळकांच्या शिष्याचं नाटक. तारीख ८ जुलै १९२१, जागा मुंबईच्या ग्रँट रोडवरचं बालीवाला थिएटर.

भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले.

दहा वर्षांपूर्वी टेंब्यांनी दोन पात्रांसाठी दोन प्रकारची पदं बांधली होती. पण एका कंपनीत दोन्ही टोकांचे दोन अव्वल गायक एका वेळी असणं जवळपास अशक्य. एक बाजू नेहमी थोडी हलकी पडायची. त्या रात्री तसं नव्हतं. रेशमाच्या समोर पोलाद होतं. भामिनी धैर्यधराला हिणवते तेव्हा रंगमंचावर दोन पात्रं होती, दोन गायक्या होत्या आणि दोन कंपन्यांची वर्षानुवर्षांची चुरसही होती. प्रेक्षागृहात दोघांचेही चाहते शेजारी-शेजारी बसलेले. ‘संयुक्त मानापमान’ म्हणून हा प्रयोग मराठी नाटकाच्या इतिहासात गेला. त्यानंतर दोघांनी मिळून ‘सौभद्र’ही केलं.

हे सगळं ऐकायला मिळावं असं कुणालाही वाटेल. पण त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही. १९२१ मध्ये मायक्रोफोनवरची मुद्रणपद्धत यायची होती, ती १९२५ च्या सुमारास आली. तोवर गायकाला भोंग्यासमोर उभं राहून तीन-साडेतीन मिनिटांत गाणं उरकावं लागे. नाट्यगृहात चालू प्रयोगाचं मुद्रण करण्याची सोयच नव्हती. बालगंधर्वांचं पद रंगलं की पंधरा-वीस मिनिटंही चालायचं म्हणतात, आणि आज त्यातलं आपल्याकडे आहे ते तबकडीच्या मापाने कापलेलं. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकून एखाद्याला ‘यात एवढं काय?’ असं वाटलं तर तो दोष ऐकणाऱ्याचा नाही.

आणि पुन्हा असा योग यायला वेळही उरला नाही. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, विषमज्वराने केशवराव गेले. वय ३१.

गोविंदराव टेंबे पुढे बरीच वर्षं जगले. कोल्हापुरात ‘प्रभात’ने पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ काढला तेव्हा, १९३२ साली, त्याचं संगीत टेंब्यांचं होतं आणि दुर्गा खोट्यांसमोर हरिश्चंद्रही तेच होते. म्हणजे नाटकात संगीतकाराची वेगळी खुर्ची पहिल्यांदा मांडली गेली ती याच माणसासाठी, आणि मराठी बोलपटातही त्या खुर्चीवर सुरुवातीला हाच माणूस बसला. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचं पुस्तक जुन्या गवयांची माणूस म्हणून ओळख करून देतं. ज्यांना रागदारीतलं काही कळत नाही त्यांनीही ते वाचायला हरकत नाही. १९५५ मध्ये ते गेले.

‘मानापमान’ मात्र मधूनमधून परत येत राहतं. जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांचा ‘संगीत मानापमान’ हा सिनेमा आला. त्याला शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत आहे. खाडिलकरांची गोष्ट घेतली आणि तिला नव्या चाली बांधल्या. जुन्या नाट्यवेड्यांपैकी काहींनी नाकं मुरडली असतील. पण टेंब्यांनीही १९११ साली साक्या-दिंड्यांवर वाढलेल्या प्रेक्षकांना पूरबची ठुमरी ऐकवली होती.

चंदगडहून कोल्हापुरात आलेल्या माणसाने खासबाग मैदानाकडे एक चक्कर मारावी. कुस्तीच्या या मैदानाला लागूनच शाहू महाराजांनी १९१५ साली पूर्ण करवून घेतलेलं पॅलेस थिएटर आहे. एका बाजूला तालीम आखाड्याची, दुसऱ्या बाजूला गळ्याची. पुढे या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली आणि रंगमंचासह आतला भाग जळून गेला. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या सकाळी कोल्हापूरचे रंगकर्मी हार घेऊन आले ते जळालेल्या भिंतींपाशी.